एका चढाईपटूच्या बदल्यात दोन भाऊ

आमच्या घराची मागची भिंत आणि केस कापायच्या दुकानाची मागची भिंत एकच होती, आणि ती पत्र्याची होती. त्यामुळे दिंडोशीच्या आमच्या वस्तीत कुठे काय शिजतंय हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं. दुपारी कॉलेजातून आले की मी त्या भिंतीला पाठ टेकून अभ्यासाला बसायचे. आईला वाटायचं, पोरगी पुस्तकातून डोकं वर काढत नाही. डोकं पुस्तकात असायचं हे खरं, पण कान दुकानात असायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर दुकानात एकच विषय होता. आमच्या कबड्डी मंडळाने आपला पहिल्या नंबरचा चढाईपटू खारदांड्याच्या मंडळाला द्यायचा आणि त्यांच्याकडून दोन कोपरारक्षक घ्यायचे, अशी अदलाबदल ठरली होती. तो चढाईपटू म्हणजे माझा दादा. कोपरारक्षक म्हणजे दांड्याच्या कोळीवाड्यातले दोघे सख्खे भाऊ. थोरला डाव्या कोपऱ्यात, धाकटा उजव्या. लहानपणापासून जाळी ओढून त्यांचे पंजे असे झाले होते की एकदा घोटा हातात आला की चढाईला आलेला माणूस दम सोडून देवाचं नाव घ्यायचा.

दुकानात दोन पक्ष पडले. केस कापणारे काका अदलाबदलीच्या बाजूने होते.

"एक देऊन दोन येतायत," ते म्हणायचे. मागे कात्रीची कचकच चालूच असायची. "यात तोटा कुठे आहे ते दाखवा."

विरुद्ध बाजूला एक बसकंडक्टर होते. त्यांची पाळी दुपारी दोनला सुटायची आणि ते गणवेशातच दुकानात येऊन बसायचे. त्यांना केस कापायचे नसायचे, कारण फारसे उरलेच नव्हते.

"तोटा काय दाखवायचा?" ते म्हणाले. "गुण कोण आणणार? पकडी करून करून तुम्ही किती करणार? समोरचा आलाच नाही तर पकडणार कोणाला?"

"समोरचा येणारच. नियम आहे."

"नियम मला सांगू नका. मी रोज चाळीस माणसांना नियम सांगतो."

कंडक्टरांचं म्हणणं मला पटायचं, पण ते मुद्दा अर्धवट सोडायचे. मी पत्र्याच्या अलीकडे बसून मनातल्या मनात तो पुरा करायचे. मी मंडळाचा एकही सामना चुकवला नव्हता. आठवीपासून कोणी किती चढाया केल्या, किती रिकाम्या गेल्या, हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत आले होते. पण एकोणीस वर्षांच्या मुलीने केस कापायच्या दुकानात जाऊन कबड्डीवर मत देणं हे आमच्या वस्तीत बसणारं नव्हतं. मी फक्त एका कामाला चालायचे, ते म्हणजे लिहायला. माझं अक्षर चांगलं होतं. मंडळाच्या पावत्या सोडल्या तर बाकी सगळं लिखाण माझ्याकडे यायचं. अदलाबदलीचा अर्जसुद्धा मीच लिहिला होता.

तो लिहून घ्यायला आमचे अध्यक्ष स्वतः घरी आले होते. ते शिंपी होते. मंडळाचे गणवेश तेच शिवायचे आणि गळ्यात टेप अडकवूनच सगळीकडे फिरायचे. अर्जाखाली दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांच्या सह्यांना जागा सोड, म्हणाले.

"आणि खेळाडूंच्या सह्या?" मी विचारलं.

"त्यांच्या कशाला? ते काय कुठे जातायत?"

दादा तिथेच स्टुलावर बसून चहा पीत होता. हल्ली तो जेवायलासुद्धा स्टुलावरच बसायचा. मोठा खेळाडू झाल्याची ऐट, असं मी धरून चालले होते आणि त्यावरून त्याला टोमणेही मारायचे.

---

दांड्याहून एक मावशी आमच्या वस्तीत मासळी घेऊन यायच्या. अंगावर फारसे दागिने नव्हते, पण कानातलं मात्र असं जड की कानाची पाळी लांबली होती. टोपली उतरवताना त्या एकदा आमच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्यायच्या, मग हाक द्यायला सुरुवात. आईशी त्यांचं चांगलं जमायचं. आई मालवणीत बोलायची, मावशी कोळी बोलीत, आणि दोघींची घासाघीस ऐकताना भांडण चाललंय की गप्पा ते परक्याला कळलं नसतं.

अर्ज गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी आई नळावर गेली होती आणि मावशी टोपली उतरवून बसल्या त्या उठेनातच.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "तू लिवतस ना मंडलाचं?"

"लिहिते."

"मग माजंबी लिव. मना त्यांचं हे देनं-घेनं नको हाय."

तेव्हा मला कळलं की ते दोघे भाऊ म्हणजे मावशींचे मुलगे. इतकी वर्षं त्या आमच्या दारात बसत होत्या आणि मी त्यांच्या मुलांच्या पकडी वहीत लिहीत होते, पण दोन्हीचा मेळ कधी घातला नव्हता.

"तुमची हरकत आहे तर तुमच्या मंडळाला सांगा ना," मी म्हटलं.

"सांगितलं. ते बोलतात, तू मासली इक." त्यांनी टोपलीवरचा ओला कपडा नीट केला. "माजी पोरं काय पापलेट हायत? हा घे, ह्याच्या बदली ते दोन दे."

कारण काय ते मी विचारलं. नुसतं म्हणाल्या, "घरची गोष्ट हाय. तू लिव, पण माजं नाव नको. पोरांना कललं तं मना घरात घेनार नाय."

खरं सांगायचं तर त्यांच्या घरच्या गोष्टीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला माझा मुद्दा पुरा करायची संधी मिळत होती. मी कॉलेजच्या वहीतला कोरा कागद घेतला आणि अदलाबदलीला मंजुरी देणाऱ्या कबड्डी संघटनेच्या कार्यवाहांना हरकत लिहिली. दोन पानं झाली. चढाईपटू नसेल तर पकडी का फुकट जातात, ते लिहिलं. दसऱ्याच्या स्पर्धेतले आकडे वहीतून उतरवले. आणि शेवटी, स्वतःवर खूश होऊन, एक वाक्य टाकलं: "खेळाडू हा मंडळाचा सभासद आहे, मंडळाचं सामान नव्हे, सामान हलवताना त्याला विचारावं लागत नाही, सभासदाला विचारावं लागतं." खाली सही केली, 'एक कबड्डीप्रेमी'.

माझं अक्षर उभं होतं. हरकत मी मुद्दाम डावीकडे कललेल्या अक्षरात लिहिली.

मावशींनी कागद पदराला बांधला. जाताना आठ बोंबील ठेवून गेल्या. आईने विचारलं, हे कशाचे? मी म्हटलं, उरले असतील. सकाळी दहा वाजता कोणाचे बोंबील उरत नाहीत हे आईला माहीत होतं, पण तिने कालवण केलं.

---

पंधरा दिवसांनी संघटनेचं उत्तर आलं. अदलाबदल थांबवली होती.

केस कापणाऱ्या काकांनी ते पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. कार्यवाहांनी लिहिलं होतं की अर्जावर खेळाडूंच्या संमतीच्या सह्या नाहीत, सबब मंजुरी देता येत नाही. आणि पुढे: एका कबड्डीप्रेमीने कळवल्याप्रमाणे, खेळाडू हा मंडळाचा सभासद आहे, मंडळाचं सामान नव्हे. माझं सगळंच्या सगळं वाक्य.

पत्र्याच्या अलीकडे माझे कान तापले. कधी नव्हे ते माझं मत दुकानात पोचलं होतं, तेही सरकारी थाटात.

"हा कबड्डीप्रेमी कोण?" काकांनी विचारलं.

"वकील आहे," कंडक्टर म्हणाले. "भाषा बघा ना. सामान हलवताना विचारावं लागत नाही. हे कोर्टातलं बोलणं आहे."

"दांड्याचाच कोणीतरी असणार. त्यांना दोन द्यायला जड जातंय."

"नाहीतर आपलाच."

"आपल्यात एवढा हुशार कोण आहे?"

यावर दुकानात बराच वेळ विचार झाला आणि असा कोणी नाही यावर एकमत झालं.

पुढचे काही दिवस मी फार सुखात काढले. दुकानात वाद पेटला होता, पण त्याचा रंग बदलला होता. आधी कंडक्टर अदलाबदलीच्या विरुद्ध होते. आता ती थांबवल्यावर ते चिडले.

"अदलाबदल वाईट होती हे मी आधीपासून म्हणतोय," ते म्हणाले. "पण थांबवणारे हे कोण? दोन मंडळं राजी आहेत ना? वाईट तर वाईट, आमचं आम्ही बघू."

आणि काका, जे अदलाबदलीच्या बाजूने होते, ते म्हणायला लागले, "नाही, पण त्या कबड्डीप्रेमीचं एक खरं आहे. विचारायला पाहिजे होतं."

"मग इतके दिवस एक देऊन दोन, एक देऊन दोन करत होतात ते?"

"ते गणित झालं. ही माणुसकी झाली."

दोघांनी आपापल्या बाजूंची पार अदलाबदल केली होती, आणि तिला कोणाची मंजुरी लागली नव्हती. दादा एकदा दाढी करायला गेला तेव्हाही वाद चालूच होता. त्याच्या समोर, त्याच्या गालाला साबण लावून, त्याला सामान म्हणावं की सभासद यावर दहा मिनिटं बोलणं झालं. त्याला कोणी काही विचारलं नाही. तो घरी आला तेव्हा अर्धी दाढी राहिली होती.

शेवटी अध्यक्ष आमच्याकडे आले. अस्वस्थ होते. त्या दोन भावांचे गणवेश त्यांनी नुसत्या अंदाजाने शिवून ठेवले होते.

"अपील करायचं," ते मला म्हणाले. "तू लिही. त्या वकिलाचं एकेक वाक्य खोडून काढ."

मी म्हटलं, अभ्यास आहे.

"तुझ्या भावासाठी नाही लिहिणार?"

आता नाही कसं म्हणणार? मी लिहायला बसले. आणि गंमत अशी झाली की लिहिता लिहिता मला जोर चढला. माझ्याच वाक्यातली फट मलाच दिसली. मी लिहिलं की सभासद मंडळाचा निर्णय मानतो म्हणूनच तो सभासद. दर वेळी ज्याला त्याला विचारत बसलं तर संघ कसा उतरवणार? आमच्या अध्यक्षांनी ते वाचलं आणि टेप काढून खांद्यावरून परत गळ्यात टाकला. फार आनंद झाला की ते असं करायचे.

"वकिलाची वाट लागली," म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मी दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या आणि कुठली खरी ते मला सांगता येईना.

---

सुनावणी रविवारी दुपारी चार वाजता, सांताक्रूझच्या एका शाळेत होती. संघटनेला स्वतःची जागा नव्हती. सुट्टीच्या दिवशी एक वर्ग मिळायचा. आम्ही मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. दादाने बाक नको म्हटलं, भिंतीला टेकून उभा राहिला. पलीकडे दांड्याचे अध्यक्ष होते. त्यांची स्वतःची मोठी होडी होती आणि ते बाकात मावत नव्हते. त्यांच्या शेजारच्या बाकावर दोघे भाऊ, मध्ये दप्तर ठेवण्याएवढं अंतर सोडून. शेवटच्या बाकावर मावशी, न बोलावता आलेल्या. मला त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही.

मी का गेले होते? अपील वाचून दाखवायला. अध्यक्षांना जोडाक्षरं जमत नसत.

कार्यवाह निवृत्त शिक्षक होते. बारीक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी टेबलावर तीन कागद ओळीने मांडले: अर्ज, हरकत, अपील. चष्मा वर-खाली करून तिन्ही पाहिले. मग मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. आवाज ठीक लागला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "छान आहे. हरकतही छान होती." मग पहिल्या कागदावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. "तीस वर्षं मी पेपर तपासले. पोरं शेजारच्याचं बघून लिहायची आणि अक्षर वाकडं काढायची. बाकी सगळं वाकडं काढता येतं, पण 'ळ' नाही येत. 'ळ' ज्याचा त्याचाच राहतो."

वर्गात कोणालाच काही कळलं नाही. आमच्या अध्यक्षांनी नुसती मान डोलावली. मला मात्र तिन्ही कागदांवरचे 'ळ' दिसले, एकाच हाताचे. मावशींनी शेवटच्या बाकावरून पदर तोंडावर घेतला, हसायला की लपायला ते कळलं नाही.

"असो," कार्यवाह म्हणाले. "खेळाडूंना विचारू. तेवढंच राहिलंय." ते दादाकडे वळले. "तुला दांड्याला जायचंय?"

"हो," दादा म्हणाला.

त्याला जायचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"का?"

दादाने दुसऱ्या पायावर भार घेतला. "तिथली माती मऊ आहे."

"मऊ म्हणजे?" दांड्याच्या अध्यक्षांनी मान वळवली.

"आमच्याकडे मुरूम आहे. पडलं की लागतं."

कार्यवाहांनी चष्मा काढला. "एक उठाबशी काढ."

दादाने आमच्या अध्यक्षांकडे पाहिलं. मग भिंतीचा आधार घेऊन खाली बसायला लागला आणि अर्ध्यात थांबला. वर्ग शांत होता, त्यामुळे गुडघ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. पाट मोडल्यासारखा. आमचे अध्यक्ष छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"हे कधीपासून?" कार्यवाहांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आमच्या अध्यक्षांना माहीत आहे. यांनीच हाड बसवणाऱ्याकडे नेलं होतं."

दांड्याचे अध्यक्ष उठायला गेले, बाकही त्यांच्याबरोबर उठला. "म्हणजे तुम्ही आमच्या गळ्यात मोडका माणूस बांधत होता?"

"मोडका नाही," आमचे अध्यक्ष म्हणाले. "थोडा वापरलेला."

मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. स्टुलावरची ती ऐट. मी मारलेले टोमणे. सबंध उन्हाळा, सबंध पावसाळा हा माणूस दुखरा गुडघा घेऊन चढाया करत होता आणि मी वहीत 'रिकामी, रिकामी' लिहीत होते.

"बसा, बसा," कार्यवाह दांड्याच्या अध्यक्षांना म्हणाले. "तुमचंही बघू." मग भावांना विचारलं, "तुम्हाला जायचंय दिंडोशीला?"

थोरला म्हणाला, "मना चालंल. त्याला इचारा."

धाकटा त्याच्याच बाकावर बसला होता. तो कार्यवाहांना म्हणाला, "त्याला सांगा, तो जानार असंल तं मी नाय."

"तूच सांग की. शेजारी तर बसलाय."

दोघेही समोर फळ्याकडे बघत राहिले.

"हे काय आहे?" आमच्या अध्यक्षांना एकदम जीव आला. "हे बोलत नाहीत एकमेकांशी?"

"नारली पुनवेपासून," मागून मावशी म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "होडीला रंग कुठचा द्यावा त्यावरून. ह्यानी अर्धी हिरवी केली, त्यानी अर्धी निली. तशीच जाते दर्यात. लोक हसतात. मी बोलले, घरातली गोष्ट घरात राहू दे. तुमच्याकडं आली असती तं सगल्या मुंबईत झाली असती."

मग माझ्या डोळ्यांसमोर दसऱ्याचा सामना आला. डाव्या कोपऱ्यात थोरला, उजव्या कोपऱ्यात धाकटा, आणि मैदानात दोघेच उरले तरी चढाईपटूला घेरायला दोघांच्या हातांची साखळी एकदाही झाली नव्हती. मी तेव्हा लिहिलं होतं, 'आमच्या चढाया जोरदार.'

"तुम्ही काय आम्हाला फसवत होता?" आमचे अध्यक्ष म्हणाले.

"आम्ही तुम्हाला धडधाकट माणसं देत होतो. गुडघे बघा त्यांचे."

"गुडघे काय करायचेत? साखळी कुठे आहे?"

कार्यवाहांनी दोघांना हवं तेवढं बोलू दिलं. मग टेबलावर पट्टी आपटली, आणि मोठी माणसं शाळेतल्यासारखी गप्प झाली. दोन्ही मंडळांनी एकमेकांपासून सारखंच लपवलं आहे, ते म्हणाले, त्यामुळे अपील फेटाळलं. दादाने डॉक्टरला दाखवावं, हाड बसवणाऱ्याला नव्हे. भावांनी होडी एका रंगाची करावी. तो संघटनेचा विषय नाही, पण करावी.

मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला आणि खिशातलं पेन काढून दिलं. "निर्णय तू लिही," म्हणाले. "उभ्या अक्षरात."

---

बसमधून उतरून आम्ही चढ चढत होतो. अध्यक्ष पुढे निघून गेले होते. दादा सावकाश चालत होता आणि आता मला कळत होतं, का.

"हरकत मी लिहिली होती," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कसं?"

"दसऱ्याचे आकडे. दुसऱ्या कोणाकडे नाहीत ते."

आम्ही एक वळण चढलो. तो म्हणाला, "वाक्य चांगलं होतं. विचारावं लागतं वगैरे." मग थोडं पुढे जाऊन, "तू तरी विचारायचंस ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी दोन पानं भरून त्याच्या बाजूने लिहिलं होतं आणि एकदाही स्टुलाजवळ जाऊन 'तुला काय हवंय' असं विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं नाही, काकांनी विचारलं नाही, कंडक्टरांनी नाही. पण विचारायला हवं असं त्यांच्यापैकी कोणी लिहून तरी दिलं नव्हतं.

दुकानात पुढचे दोन महिने नवा वाद चालला. दोन्ही मंडळं एकमेकांना सारखंच फसवत होती, तर अदलाबदल न्याय्य झाली असती की नाही?

"झालीच असती," काका म्हणायचे. "मोडक्याला मोडकं. तराजू सरळ."

"एक मोडका देऊन दोन मोडके येत होते," कंडक्टर म्हणायचे. "म्हणजे आपल्यालाच तोटा."

"पण त्यांचं मोडणं दुरुस्त होण्यासारखं आहे. समजूत घातली की झालं."

"समजूत घालायला कोण जाणार? तुम्ही?"

काकांनी खरंच एका सोमवारी दुकान बंद ठेवून दांड्याला जाऊन समजूत घालून पाहिली. परत आले ते तोंड पाडून. दोघांनीही त्यांना वेगवेगळा चहा पाजला होता आणि एकमेकांबद्दल काही सांगितलं नव्हतं. होडी शेवटी मावशींनीच रंगवून घेतली, लाल. भाऊ पुढच्या मोसमात साखळी करायला लागले. बोलायला त्यानंतर आणखी वर्ष गेलं, पण साखळीला बोलावं लागत नाही असं मावशी म्हणायच्या. अध्यक्षांनी शिवलेले ते दोन गणवेश बरेच दिवस त्यांच्या दुकानात टांगलेले होते, मग त्यांनी ते उसवून पिशव्या केल्या.

दादाला डॉक्टरांनी चढाई बंद सांगितली. दोन आठवडे तो मैदानाकडे फिरकला नाही. संध्याकाळी कामावरून आला की नुसता बसून राहायचा. मी एकदा विचारलं, आता काय करणार? हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदाच विचारत होते. तो म्हणाला, "पंचाची परीक्षा देतो. कार्यवाहांनी फॉर्म दिलाय." मग म्हणाला, "तुझ्यासाठीही दिलाय. गुणलेखकाचा."

मी हसले. मुलगी गुणलेखक आमच्या भागात तोवर कोणी पाहिली नव्हती. आईने ऐकलं आणि म्हणाली, "त्या बापयांच्या गर्दीत?" पण नाही म्हणाली नाही, कारण दादा बरोबर असणार होता. आम्ही दोघांनी एकाच पुस्तकातून अभ्यास केला. तो पास झाला, मीही झाले. त्याच्यापेक्षा मला जास्त गुण मिळाले. हे त्याने कोणाला सांगितलं नाही आणि मी सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात एका स्पर्धेत आमचं मंडळ आणि दांड्याचं मंडळ समोरासमोर आलं. दादाने दोनदा सांगून पाहिलं की हा सामना मला देऊ नका. दुसरा पंच आला नाही म्हणून त्यालाच उभं राहावं लागलं. मी टेबलावर. पहिल्यांदाच आई सामना बघायला आली होती, बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. दांड्याचा चढाईपटू आमच्या तिघांच्या अंगाखालून मध्यरेषेकडे सरपटला. त्याची बोटं रेषेला लागली की नाही हे मला टेबलावरून दिसलं नाही. मैदानाभोवतीच्या दोनशे माणसांना मात्र व्यवस्थित दिसलं होतं, निम्म्यांना लागलेली, निम्म्यांना न लागलेली. दादाने शिट्टी वाजवली आणि हात दांड्याकडे केला.

जो आवाज उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्याच वस्तीतली माणसं, ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, ती त्याच्या नावाने बोंबलत होती. केस कापणारे काका म्हणाले, विकला गेला. कंडक्टर म्हणाले, मला हे आधीपासून माहीत होतं. दादा रेषेवर सरळ उभा होता, हात वर, चेहऱ्यावर काही नाही. माझ्याकडे बघून त्याने तीन बोटं दाखवली, आमचे तिघे बाद. मी दांड्याच्या रकान्यात तीन लिहिले. आकडा नीट आला.

त्या संध्याकाळी घरी आईने माझं ताट वाढलं आणि दादाचं तसंच रिकामं ठेवलं. तो हात धुऊन येऊन बसला. आई चुलीपाशी पाठ करून उभी होती.

"खरा सांग," ती म्हणाली. "त्याचो हात रेषेक लागललो?"

"लागला होता."

"बघितलंस तू?"

"बघितलं. दोन बोटं लागली."

आईने वळून त्याच्या ताटात भात वाढला.

"मगे जेव," म्हणाली.